परमुलखातील ठाणे

वेढ्याच्या कथेत एक विलक्षण मोहिनी असते, आणि तिचे मर्म असे की तटाच्या आत जो असेल त्याची बाजू श्रोता आरंभीच, कोणताही पुरावा न मागता, घेऊन मोकळा होतो. मूठभर शिबंदी, आटत चाललेली रसद, न येणारी कुमक आणि बाहेर अंधारात दबा धरून बसलेला अगणित शत्रू एवढी सामग्री एकदा जमली, की ठाणे कोणाचे, ते कोणाच्या मुलखात उभे आहे, आणि कोणाच्या हुकमाने तेथे बसविले गेले, हे विचारण्याचे भान ऐकणाऱ्यास राहत नाही. घोडखिंडीची हकीकत ऐकत वाढलेल्या आपणांस ही मोहिनी समजावून सांगण्याचे कारण नाही. परंतु त्या हकीकतीचे सामर्थ्य थोडक्यांनी पुष्कळांस अडविले एवढ्यातच नसून, अडविणारे आपल्याच मुलखासाठी उभे होते यातही आहे, हे आपण सहसा बोलून दाखवीत नाही, कारण ते आपण गृहीतच धरलेले असते. हे गृहीत जेथे खरे नसते तेथेही वेढ्याचा तोच साचा वापरला तर काय होते, हा या लेखाचा विषय आहे. आणि काही थोडे सैनिक दूरचे एखादे ठाणे राखीत बसले आहेत, एवढ्याच कथाबीजावर तुटपुंज्या भांडवलात काढलेल्या व्हिएतनाम-युद्धाच्या लहान चित्रपटांत त्याची जशी परीक्षा होते तशी अन्यत्र क्वचितच होते.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे: ठाण्याची कथा परमुलखात नेली म्हणजे ती स्वभावतःच असत्याकडे कलते, कारण ती आक्रमकास रक्षकाचा वेष चढविते, या असत्यापासून स्वतःस सोडवून घेणारे जे थोडे चित्रपट निघाले ते बव्हंशी दरिद्री होते, आणि हा केवळ योगायोग नव्हे.

प्रथम इतिहास पाहू. व्हिएतनाममधील ठाण्यांची परंपरा अमेरिकनांनी सुरू केलेली नाही. ती त्यांना फ्रेंचांकडून वारशाने मिळाली. 1953 च्या अखेरीस दिएन बिएन फूच्या खोऱ्यात फ्रेंच सेनेने जे विस्तीर्ण ठाणे उभारले त्याच्या बुरुजवजा मोर्च्यांना गॅब्रिएल, बेआत्रिस, एलियान, इझाबेल अशी स्त्रियांची नावे होती. सभोवतीच्या डोंगरांवर जड तोफा चढविणे शत्रूस अशक्य आहे, असा तेथील सेनाधिकाऱ्यांचा हिशेब होता. व्हिएतमिन्हच्या माणसांनी त्या तोफा दोरखंडांनी, हातांनी ओढून वर नेल्या, आणि 13 मार्च 1954 रोजी सुरू झालेला वेढा 7 मे रोजी ठाणे पडून संपला. पुढे जिनिव्हाचा करार झाला, आणि त्याच्या अंमलबजावणीवर देखरेख करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाचे अध्यक्षपद भारताकडे आल्यामुळे, एका साम्राज्याची ठाणी उठत असताना आपलेही अधिकारी त्या भूमीवर साक्षीदार म्हणून उभे होते. ती भूमी रिकामी मात्र राहिली नाही. अमेरिकन सल्लागार आले, त्यांच्यामागून पलटणी आल्या, आणि डोंगरमाथ्यांवर पुन्हा तारेची कुंपणे व वाळूची पोती दिसू लागली. 1968 साली खे सान्हचे ठाणे 77 दिवस वेढ्यात होते. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी त्या ठाण्याची प्रतिकृती आपल्या निवासस्थानी मांडून घेतली होती, इतके त्याचे महत्त्व मानले गेले. वेढा उठला, आणि त्याच वर्षीच्या जुलैत अमेरिकन सेनेने ते ठाणे स्वतःच मोडून टाकून सोडून दिले. माणसे खर्ची घालून राखावयाचे आणि राखल्यावर सोडून द्यावयाचे, हीच या युद्धातील ठाण्याची खरी कहाणी आहे. म्हणून जो चित्रपट राखण्याचे शौर्य दाखवितो पण सोडण्याचा क्षण दाखवीत नाही, तो अर्धेच सांगतो, आणि जे अर्धे अडचणीचे तेच नेमके गाळतो.

या अर्धसत्याचा नमुना म्हणून 1968 सालचा जॉन वेनचा ‘द ग्रीन बेरेट्स’ पाहावा. तो दरिद्री चित्रपट नव्हे. येथे तो तुलनेसाठी घेतला आहे. वेनने 1965 च्या डिसेंबरात राष्ट्राध्यक्षांस पत्र लिहून या चित्रपटाची कल्पना मांडली होती, आणि लष्कराने त्यास हेलिकॉप्टरे, सैनिक आणि जॉर्जिया राज्यातील फोर्ट बेनिंगची छावणी असे मुबलक साह्य दिले. 1964 च्या जुलैत नाम डोंग येथील छावणीवर रात्री जो हल्ला झाला, आणि ज्यातील पराक्रमाबद्दल कॅप्टन रॉजर डॉनलन यांस या युद्धातील पहिले सर्वोच्च लष्करी सन्मानपदक मिळाले, तशाच एका हल्ल्याचे दृश्य या चित्रपटाच्या मध्यभागी आहे. परंतु वेनच्या डोळ्यांपुढे व्हिएतनामपेक्षा टेक्ससचा अलामो अधिक होता; त्या वेढ्यावर त्याने आठच वर्षांपूर्वी एक भव्य चित्रपट स्वतः दिग्दर्शित केला होता. पश्चिमेकडील वसाहतवाल्यांची गढी, तिच्याभोवती ओरडत येणाऱ्या टोळ्या आणि आतल्या थोडक्यांचे धैर्य हे जुने चित्र उचलून त्याने जॉर्जियातील पाइनच्या झाडांत मांडले, आणि त्याला व्हिएतनाम असे नाव दिले. शेवटच्या दृश्यात नायक एका पोरक्या व्हिएतनामी मुलाला घेऊन समुद्रकाठाने चालत जातो आणि त्यांच्यापुढे सूर्य समुद्रात मावळतो. दा नांगचा किनारा पूर्वेकडे तोंड करून आहे, तेव्हा तेथे सूर्य समुद्रातून उगवेल, समुद्रात मावळणार नाही. ही चूक भूगोलाची म्हणून क्षम्य ठरली असती. परंतु ज्या दृष्टीने तो मुलूख पाहिलाच नाही, त्या दृष्टीची ती साक्ष आहे.

आता याच्या दुसऱ्या टोकाला जाऊ. पिएर शंदोर्फेर हा फ्रेंच सेनेचा छायाचित्रक म्हणून दिएन बिएन फू येथे होता आणि ठाणे पडल्यावर युद्धकैदी झाला. त्याने प्रथम कादंबरीरूपाने लिहिलेली आणि 1965 साली चित्रपटरूपाने मांडलेली ‘तीनशे सतरावी तुकडी’ या नावाची कृती कंबोडियाच्या अरण्यात, अगदी लहान मंडळींनिशी, कृष्णधवल फितीवर चित्रित झाली. कॅमेरा राऊल कुतारच्या हाती होता, आणि कुतारनेही तरुणपणीची वर्षे इंडोचायनात लष्करी छायाचित्रकाराचे काम करण्यात घालविली होती. ही कथा ठाणे राखण्यापासून नव्हे, सोडण्यापासून सुरू होते. 1954 च्या मे महिन्याच्या आरंभी चार फ्रेंच आणि एकेचाळीस लाओशियन शिपाई अशी तुकडी हुकमाप्रमाणे आपले लहानसे ठाणे रिकामे करून पावसात चालू लागते, आणि दिएन बिएन फू पडल्याचे वर्तमान तिला वाटेतच कळते. नवखा अधिकारी टोरेन्स शत्रूच्या एका तांड्यावर छापा घालण्याचा मोह आवरू शकत नाही. छापा यशस्वी होतो, पण आपलेही लोक जखमी होतात, आणि त्यानंतरचा चित्रपट हा बहुतांशी डोल्या वाहण्याचा चित्रपट आहे. चिखलात रुतणारे पाय, बांबूच्या डोलीवर हेलकावे खाणारा देह, नदीच्या पात्रात खांद्यापर्यंत बुडून डोली वर धरणारे लाओशियन हात, एवढेच दीर्घ काळ दिसत राहते. महायुद्धात जर्मन सैन्यात भरती व्हावे लागलेला आणि आता फ्रेंच सैन्यात लढणारा जुना शिपाई विल्सडोर्फ हे सारे पाहतो, आणि तक्रार करीत नाही, कारण पराभवाच्या वाटेवर कसे चालावे हे त्याला ठाऊक आहे. येथे कोणी रक्षक नाही आणि रक्षणीय असे काही उरलेले नाही. ज्या मुलखात आपण पाहुणेही नव्हतो, तेथून माणसे बाहेर कशी पडतात, एवढेच आहे.

परंतु या विषयावरील सर्वांत विचारपरिप्लुत कृती माझ्या मते 1978 सालची ‘गो टेल द स्पार्टन्स’ होय. डॅनिएल फोर्ड यांच्या 1967 सालच्या कादंबरीवरून वेंडेल मेज यांनी तिची पटकथा लिहिली आणि टेड पोस्ट यांनी तिचे दिग्दर्शन केले. लष्कराने तिला साह्य नाकारले, कारण तिच्यातील सल्लागारांचे चित्र त्यास मान्य नव्हते. कॅलिफोर्नियातील व्हॅलेन्सियाच्या टेकड्यांत, सुमारे महिन्याभरात, तिचे चित्रण उरकावे लागले. पैसा अपुरा पडला तेव्हा प्रमुख नट बर्ट लँकेस्टर याने पदरची रक्कम घालून ती पुरी होऊ दिली. साठी ओलांडलेला लँकेस्टर तेव्हा गुडघ्याच्या दुखापतीने लंगडत होता, आणि तेच लंगडणे घेऊन त्याने मेजर बार्कर साकारला. दोन युद्धे पाहिलेला, बढतीच्या यादीतून वगळला गेलेला, हाताखालच्यांवर ओरडणारा आणि मनातून त्यांची काळजी वाहणारा हा अधिकारी एकेक पाऊल टाकतो तेव्हा, त्या पायामागे किती वर्षांची थकलेली चाकरी आहे, हे संवादावाचून समजते.

काळ 1964. वरून हुकूम येतो की मुक वा नावाचे, फ्रेंचांनी दहा वर्षांपूर्वी सोडून दिलेले ठाणे पुन्हा ताब्यात घ्यावे. का, याचे समाधानकारक उत्तर कोणापाशीच नाही. तिकडे पाठविण्यात येते ती मंडळी तरी कोण? एक अननुभवी लेफ्टनंट. कोरियाच्या युद्धात अंतर्बाह्य झिजून गेलेला एक सार्जंट, जो पुढे आत्महत्या करतो. अफूच्या आहारी गेलेला एक वैद्यक शिपाई. स्वेच्छेने आलेला कोवळ्या मनाचा कॉर्पोरल कॉर्सी. ‘काउबॉय’ या नावाने ओळखला जाणारा क्रूर व्हिएतनामी दुभाष्या. आणि तोडक्यामोडक्या हत्यारांची स्थानिक शिबंदी. ठाण्याजवळ फ्रेंच सैनिकांचे एक कबरस्तान आहे, आणि त्याच्या प्रवेशद्वारावर फ्रेंच भाषेत एक लेख आहे. थर्मोपिलीच्या खिंडीत पडलेल्या स्पार्टन वीरांसाठी रचलेला आणि ग्रीक कवी सिमोनिडीसच्या नावावर सांगितला जाणारा तो मृत्युलेख. वाटसरूवर निरोप सोपविणारा, आणि आज्ञापालनाला सर्वोच्च पुण्य मानणारा.

या कबरस्तानात चित्रपटाचा सारा अर्थ एकवटला आहे. थर्मोपिली ही ग्रीकांची खिंड होती. तेथे पडलेला स्पार्टन आपल्याच देशाच्या उंबरठ्यावर पडला, म्हणून त्याच्या आज्ञापालनाला तो मृत्युलेख शोभला. फ्रेंचांनी तेच शब्द उचलून सहस्रावधी कोसांवरच्या, दुसऱ्यांच्या भूमीत खणलेल्या थडग्यांवर कोरले. शब्द तेच राहिले, परंतु त्यांच्या पायाखालची भूमी बदलली, आणि भूमी बदलताच त्यांतले पुण्यही ओसरले. आता अमेरिकन येऊन त्याच दारातून आत जातात, त्यांपैकी एक जण त्या लेखाचा अर्थ लावतो, आणि तरीही पुढे काय होणार हे कोणास दिसत नाही. आपल्या आधी येथे जो आला तो आपल्यासारखाच होता, तोही हुकमाने आला, आणि आता तो येथेच आहे, एवढे समजण्यास त्या दाराशी कोणत्याही गुप्त वार्तेची गरज नव्हती. थोर ग्रंथांतील वचनेही मुलूख न विचारता उसनी घेतली म्हणजे माणसांना मरणाकडे नेणारी होतात, ही गोष्ट या लहानशा चित्रपटाने एका लाकडी दाराच्या आणि काही क्रुसांच्या साह्याने दाखवून दिली. तिच्यासाठी हेलिकॉप्टरांचा ताफा लागला नाही.

हा चित्रपट करुणेलाही स्वस्तात सुटू देत नाही. कॉर्सी ज्या शेतकरी कुटुंबाला दयेपोटी ठाण्यात आसरा देतो, ते शत्रूला मिळालेले निघते. त्याचा चांगुलपणा खोटा नव्हता, पण तो ज्या कुंपणाच्या आतून देऊ केला गेला त्या कुंपणानेच त्याला निष्फळ केले होते. अखेर हेलिकॉप्टरे येतात ती केवळ अमेरिकनांना नेण्यासाठी. स्थानिक शिबंदीने तेथेच राहावयाचे असते. कॉर्सी त्यांना सोडून जाण्यास नकार देतो, आणि बार्कर, ज्याने आयुष्यभर हुकूम पाळले, तो या एका पोरासाठी मागे राहतो. त्या रात्री बार्कर मारला जातो, आणि सकाळी त्याचे प्रेत वस्त्रे हिरावून घेतलेल्या स्थितीत पडलेले दिसते: ना हुद्दा, ना बिल्ला, ना पलटणीची खूण. जखमी कॉर्सी अडखळत त्याच कबरस्तानात पोहोचतो. तेथे एक डोळा गमावलेला, त्याच्याइतकाच थकलेला एक वृद्ध व्हिएतनामी योद्धा बंदूक रोखतो आणि मग ती खाली करतो. त्या म्हाताऱ्याला जय मिळविण्याची घाई नाही. तो आपल्याच मुलखात आहे, आणि या मुलाने आपल्या घरी जावे एवढेच त्याला पुरेसे आहे, असे मला त्या खाली येणाऱ्या बंदुकीत वाचता येते.

आता दारिद्र्याच्या प्रश्नाकडे वळतो. लहान भांडवलाने या कृतींचे काय भले केले? पहिले असे की, सरकारी लष्कराची सामग्री घ्यावयाची तर कथानक त्याच्या दप्तरात मंजूर करून घ्यावे लागते. ज्यास सामग्री मिळालीच नाही, त्याची लेखणी मोकळी राहिली. दुसरे असे की, ज्याच्यापाशी सेनापतींच्या दालनांचे, शहरांचे आणि आकाशातून दिसणाऱ्या रणभूमीचे देखावे उभारण्याइतका पैसा नाही, त्याला कॅमेरा कुंपणाच्या आतच ठेवावा लागतो, आणि ठाण्यातील शिपायाला तरी त्याहून अधिक काय दिसत असते? प्रकाशगोळ्याच्या क्षणिक उजेडात पन्नास पावलांवरचे गवत, आणि त्यापलीकडे अंधार. निर्मात्याची विवशता आणि शिपायाचे अज्ञान येथे एकरूप होते. तिसरे असे की, नट थोडे असले म्हणजे एकेक मृत्यू मोजला जातो. शेकडोंच्या गर्दीत पडणारा देह ही शोभा असते, सहा जणांतला एक गेला म्हणजे जेवणाच्या वेळी जागा रिकामी दिसते. त्यामुळेच व्हॅलेन्सियाच्या उघड्याबोडक्या टेकड्या व्हिएतनामसारख्या दिसत नाहीत याने आपला रसभंग होत नाही, आणि फोर्ट बेनिंगच्या पाइनवृक्षांनी मात्र होतो: पहिल्या कृतीने आपली सत्यता देखाव्यावर गहाण टाकली नव्हती.

यावर सुज्ञ वाचक आक्षेप घेईल, आणि तो रास्त आहे, की दारिद्र्य हे काही सद्गुणाचे प्रमाणपत्र नव्हे. 1980 नंतरच्या दशकात फिलिपाइन्सच्या अरण्यांत सिरिओ सान्तियागोसारख्या निर्मात्यांनी आणि इटालियन दिग्दर्शकांनी व्हिएतनामच्या नावाखाली अल्प खर्चाचे जे अनेक चित्रपट काढले, त्यांत बांबूच्या झोपड्या उडतात, एकटा नायक डझनावारी माणसे लोळवितो, आणि शत्रूला तोंड नसते. पैसा नसला म्हणजे सर्वांत स्वस्त सामग्री कोणती, तर रोजावर आणलेल्या गरीब गावकऱ्यांचे देह. आणि अविचारी दारिद्र्य त्यांचीच उधळण करते. म्हणून माझे म्हणणे मी असे मर्यादित करतो: अल्प भांडवल सत्याकडे जाण्याची वाट मोकळी ठेवते, त्या वाटेने चालणे हे ज्याच्या त्याच्या विवेकावर आहे.

या दोहोंच्या सीमेवर उभी असलेली एक कृती 1989 सालची ‘द सीज ऑफ फायरबेस ग्लोरिया’ ही आहे. ऑस्ट्रेलियन दिग्दर्शक ब्रायन ट्रेंचर्ड-स्मिथ यांनी फिलिपाइन्समध्ये काढलेल्या या चित्रपटात 1968 च्या तेत-हल्ल्याच्या काळातील एका ठाण्याचा वेढा आहे, आणि स्वतः व्हिएतनाममध्ये अमेरिकन मरीन दलातून सेवा केलेला ली अर्मी त्यात सार्जंट-मेजरची भूमिका करतो. कित्येक प्रसंगी ही कृती रक्तपाताच्या आवेशात वाहून जाते, हे मान्य केले पाहिजे. तरीही तिने एक धाडस केले: तारेच्या बाहेरच्या सेनानायकाला, काओ व्हानला, तिने नाव दिले, चेहरा दिला, आणि आपल्या मृत सहकाऱ्यांसाठी शोक करण्याचा अधिकार दिला. आपल्या गनिमी योद्ध्यांची ही आहुती उत्तरेकडील कवायती फौजेच्या सोयीसाठी होती, हे त्याला कळून चुकते, तेव्हा कुंपणाच्या दोन्ही बाजूंस असलेल्या शिपायांचे दैव एकच असल्याचे प्रेक्षकास उमगते: दोघांनाही हुकूम आला, आणि हुकमाचे कारण दोघांनाही सांगितले गेले नाही. परंतु येथेच एक सावधगिरी हवी. दोघांचे दुःख सारखे म्हणून दोघांचा हक्क सारखा होत नाही. एक जण परत जाण्यासाठी लढत होता, दुसऱ्यास परत जावयाला अन्य ठिकाणच नव्हते. ‘ग्लोरिया’ हा भेद पुसट करते; ‘स्पार्टन्स’ने तो त्या वृद्धाच्या रूपाने जागा ठेवला होता.

हा भेद पुरता समजून घ्यावयाचा असेल तर कुंपणाबाहेर जाऊन, ज्यांचा तो मुलूख त्यांनीच काढलेला चित्रपट पाहिला पाहिजे. 1979 साली, म्हणजे अमेरिकेत कोट्यवधी डॉलरांचा ‘अपोकॅलिप्स नाउ’ प्रदर्शित झाला त्याच वर्षी, न्गुयेन हाँग सेन यांनी ‘ओसाड शेत’ अशा अर्थाच्या नावाचा एक कृष्णधवल चित्रपट अत्यल्प साधनांनिशी पुरा केला. 1981 साली मॉस्कोच्या महोत्सवात त्यास सुवर्णपारितोषिक मिळाले. मेकाँगच्या मुखप्रदेशातील पाणथळ लव्हाळ्यांच्या मैदानात एक शेतकरी जोडपे आपल्या तान्ह्या मुलासह पाण्यावरच्या झोपडीत राहते आणि क्रांतिकारकांची संपर्काची वाट राखते. तेही ठाणेच आहे: शिबंदी दोघांची, तट लव्हाळ्यांचा. वरून हेलिकॉप्टर घिरट्या घालू लागले म्हणजे आईबाप पाण्याखाली दडतात, आणि बाळाला प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, तिचे तोंड मुठीत आवळून, पाण्याखाली नेतात. पिशवीतल्या हवेवर ते मूल किती वेळ तगेल, एवढाच त्या वेढ्याचा काळ. अखेरीस पती मारला जातो, पत्नी ते हेलिकॉप्टर पाडते. आणि मेलेल्या वैमानिकाजवळ एक छायाचित्र सापडते, त्याच्या पत्नीचे आणि मुलाचे.

ते छायाचित्र दाखविण्याचे बंधन त्या दिग्दर्शकावर कोणी घातले नव्हते. ज्यांच्या घरावर चार वर्षांपूर्वीपर्यंत अग्निवर्षाव होत होता, त्यांनी शत्रूच्या मुलाचा चेहरा आपल्या प्रेक्षकांस दाखवावा, ही औदार्याची गोष्ट आहे. आणि हे औदार्य त्यांना साधले ते ठाणे आपले आहे, मुलूख आपला आहे, याविषयी त्यांच्या मनात संशय नव्हता म्हणून, असे मला वाटते. परमुलखात ठाणे घालणाऱ्याला शत्रूचे तोंड दिसणे परवडत नाही, कारण ते दिसले तर आपण येथे कशासाठी, हा प्रश्न त्याच क्षणी पुढे उभा राहतो. बार्कर आणि कॉर्सी यांचे मोठेपण हे की त्यांनी तो प्रश्न पुढे उभा राहू दिला, आणि त्याचे मोल चुकविले.

वेढ्याच्या कथा पुढेही सांगितल्या जातील, आपल्याकडेही आणि अन्यत्रही. त्या सांगू नयेत असे मी म्हणणार नाही, कारण थोडक्यांच्या धैर्याची आठवण समाजाला हवीच असते. मात्र ऐकताना आपण तटावरच्या माणसावरून दृष्टी थोडी खाली, तटाच्या पायथ्याच्या मातीकडे न्यावी, आणि ती कोणी नांगरलेली होती, याची चौकशी करावी. मुक वाच्या कबरस्तानात तो लेख दारावरच होता आणि आत जाणाऱ्यांनी तो वाचलाही होता. त्यांनी विचारावयाचे राहिले ते एवढेच, की तेथील निरोप न्यावयाचा तर तो कोणत्या गावी, आणि ज्यांच्या शेतात ही थडगी आहेत त्यांना तो कोणी सांगितला होता काय.